ऑल्ट-टॅब नीट चालतं का? लिनक्स डेस्कटॉपवर विंडो आणि अ‍ॅप बदलण्याची चाचणी, पायरीपायरीने

डेस्कटॉपवर काम करणारा माणूस दिवसभरात ऑल्ट-टॅब किती वेळा दाबतो, हे त्याला स्वतःलाही सांगता येणार नाही. बोटं आपोआप जातात, लक्ष कामात असतं. म्हणूनच तिथे काही बिघडलं तर ते फार उशिरा कळतं. माझ्याकडून एकदा पासवर्ड चॅटच्या विंडोत गेला. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची विंडो, पुढे आलेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं, पण फोकस (टाइप केलेलं ज्या विंडोत जातं तिचा ताबा) मागेच राहिला होता आणि एंटर दाबून झाल्यावरच ते लक्षात आलं. तेव्हापासून डेस्कटॉपची नवी आवृत्ती आली की पहिली तपासणी मी याचीच करतो. त्यात एक नियम पाळतो: विंडो पुढे दिसली म्हणून पास म्हणायचं नाही. टाइप केलेलं अक्षर कुठे उमटलं, ते पाहून निकाल द्यायचा.

खालच्या पायऱ्या मुख्यतः गनोम हा लिनक्सवरचा डेस्कटॉप समोर ठेवून लिहिल्या आहेत. केडीई प्लाझ्मा आणि एक्सएफसीई हे दुसरे डेस्कटॉप जिथे वेगळे वागतात, तिथे तसं सांगितलं आहे.

आधी मैदान साफ करा

रोजच्या खात्यात चाचणी घेऊ नका. तिथे वर्षानुवर्षं साठलेल्या सेटिंग्ज असतात, एक्स्टेंशन असतात, कधीतरी बदललेले आणि विसरलेले शॉर्टकट असतात. सिस्टिमवर एक नवं खातं उघडा, त्यात लॉगिन करा आणि काहीही न बदलता सुरुवात करा. गनोमची एक्स्टेंशन तर ऑल्ट-टॅबचं वागणं पूर्ण बदलू शकतात. ती चालू ठेवून काढलेला दोष नक्की कुणाचा, हे कुणालाच सांगता येत नाही.

मग चार गोष्टी टिपून ठेवा: डेस्कटॉपची आवृत्ती, वितरणाची (फेडोरा, ओपनसुसे अशा लिनक्सच्या तयार संचाची) आवृत्ती, मॉनिटर किती, आणि सेशन वेलँडचं आहे की एक्स११ चं (पडद्यावर विंडो दाखवणाऱ्या या दोन व्यवस्था; एक्स११ जुनी, वेलँड नवी). गनोममध्ये सेटिंग्जच्या 'अबाउट' पानावर सिस्टिमच्या तपशिलात 'विंडोइंग सिस्टिम' अशी ओळ असते, तिथे हे कळतं. ही चौथी नोंद लोक हमखास गाळतात आणि नेमकी तीच सगळ्यात जास्त उपयोगी पडते. एक्स११ मध्ये कुठलाही प्रोग्राम इतर विंडोंची यादी मागू शकतो, बनावट कळाही पाठवू शकतो. वेलँडने ही मोकळीक मुद्दाम बंद केली आहे. त्यामुळे फोकसशी संबंधित दोष बरेचदा एकाच बाजूला दिसतो. फेडोराने २०१६ मध्ये, २५ व्या आवृत्तीपासून, वर्कस्टेशनवर वेलँड डिफॉल्ट केलं. तरीही एक्स११ साठी लिहिलेले जुने प्रोग्राम वेलँडमध्ये एक्सवेलँड या दुव्याच्या आधाराने चालतच राहिले, म्हणजे एकाच पडद्यावर दोन्ही जातींच्या विंडो शेजारी शेजारी असू शकतात.

कुठली विंडो कुठल्या जातीची हे ओळखायला एक जुना प्रोग्राम कामी येतो: एक्सआइज, माऊसमागे फिरणारे दोन डोळे. वेलँड सेशनमध्ये तो चालू ठेवा आणि पॉइंटर वेगवेगळ्या विंडोंवर न्या. डोळे हलले तर ती विंडो एक्सवेलँडची. डोळे थांबून राहिले तर ती अस्सल वेलँडची.

आता पात्रं उभी करा. टेक्स्ट एडिटरच्या दोन विंडो, टर्मिनलच्या तीन, फाइल मॅनेजरची एक, ब्राउझरची एक. एडिटरमधल्या फाइलींना 'एक' आणि 'दोन' अशी नावं द्या. तिन्ही टर्मिनल वेगवेगळ्या फोल्डरमध्ये न्या, म्हणजे शीर्षकावरून ती ओळखू येतील. सारख्या दिसणाऱ्या विंडोंवर ही चाचणी घेण्यात अर्थ नाही. चुकीचं टर्मिनल पुढे आलं तरी ते बरोबरच वाटतं.

अ‍ॅप बदलणं वेगळं, विंडो बदलणं वेगळं

गनोममध्ये हे दोन वेगळे स्विचर आहेत. अ‍ॅप स्विचर प्रत्येक प्रोग्रामचं एकच आयकॉन दाखवतो, मग त्याच्या विंडो कितीही असोत. विंडो स्विचर प्रत्येक विंडो स्वतंत्र दाखवतो. मूळ गनोममध्ये ऑल्ट-टॅब आणि सुपर-टॅब (सुपर म्हणजे विंडोजच्या चिन्हाची कळ) दोन्ही अ‍ॅप स्विचर उघडतात, आणि विंडो स्विचरला कुठलाच शॉर्टकट दिलेला नसतो. काही वितरणं यात स्वतःचा बदल करतात. म्हणून सेटिंग्जमध्ये कीबोर्डच्या भागात शॉर्टकटची यादी उघडा आणि 'नॅव्हिगेशन' गटात तुमच्याकडे कुठली कळ कशाला जोडली आहे ते लिहून घ्या. विंडो स्विचरची कळ रिकामी असेल तर चाचणीपुरती एखादी जोडा.

प्लाझ्मामध्ये ऑल्ट-टॅब थेट विंडो बदलतं. सिस्टिम सेटिंग्जमधल्या विंडो मॅनेजमेंटखाली 'टास्क स्विचर' म्हणून पान आहे, तिथे क्रम, गाळणी आणि दिसणं सगळं बदलता येतं. प्लाझ्मा ६ पासून, म्हणजे फेब्रुवारी २०२४ पासून, डिफॉल्ट स्विचर लघुचित्रांच्या जाळीचा आहे. त्यामुळे जुन्या आवृत्तीचे स्क्रीनशॉट शेजारी ठेवून तुलना करू नका. एक्सएफसीईमध्ये याच सोयी 'विंडो मॅनेजर ट्वीक्स'मधल्या 'सायकलिंग' टॅबखाली मिळतात.

पायरी १: क्रम

फाइल मॅनेजर, ब्राउझर, टर्मिनल, एडिटर या क्रमाने प्रत्येकाच्या विंडोवर एकेक क्लिक करा. ऑल्ट दाबून धरा आणि टॅब एकदा दाबा. यादीत सगळ्यात आधी एडिटर, मग टर्मिनल, ब्राउझर, फाइल मॅनेजर असा क्रम हवा, आणि निवड टर्मिनलवर हवी. नुकतं वापरलेलं पुढे, हा इथला पाया आहे. ऑल्ट सोडा, एक अक्षर टाइप करा. ते टर्मिनलमध्ये उमटलं पाहिजे.

पुन्हा ऑल्ट-टॅब केलं की एडिटरवर परतायला हवं. दोन अ‍ॅपमध्ये असं ये-जा करता येणं हा या सोयीचा सगळ्यात मोठा उपयोग आहे. क्रम बिघडला की पहिला घाव इथेच बसतो.

आता ऑल्ट धरूनच टॅब तीनदा दाबून फाइल मॅनेजरपर्यंत जा, शिफ्ट-टॅबने एक पाऊल मागे या, मग एस्केप दाबा. यादी मिटायला हवी आणि फोकस जिथे होता तिथेच राहायला हवा. हेही अक्षर टाइप करूनच ठरवा. शिवाय रद्द केलेल्या फेरीने क्रम बदलता कामा नये. त्यासाठी एस्केपनंतर लगेच एकदा ऑल्ट-टॅब करून मघाचीच यादी येते का पाहा.

पायरी २: झटपट टिचकी

या सगळ्या लेखातली एकच चाचणी करायला वेळ असेल तर ही करा.

एडिटरची एक विंडो आणि एक टर्मिनल घ्या. एडिटरमध्ये इंग्रजी आकडा १ दाबा, लगेच ऑल्ट-टॅब, टर्मिनलमध्ये २ दाबा (एंटर नाही), लगेच ऑल्ट-टॅब, परत १, परत ऑल्ट-टॅब, परत २. असं चाळीस अंक होईपर्यंत, हात थांबू न देता. शेवटी एडिटरमध्ये वीस एकं आणि टर्मिनलमध्ये वीस दोन दिसायला हवीत. टर्मिनलमध्ये एखादा १ सापडला तर फोकस उशिरा हलला. अंक कमी भरले तर कळ कुठेतरी गिळली गेली. यादी पडद्यावर अडकून बसली तर ऑल्ट सोडल्याची खबर गनोम शेलपर्यंत (डेस्कटॉपचा दिसणारा भाग चालवणाऱ्या प्रोग्रामपर्यंत) पोचलीच नाही. एकाच खेळात तीन वेगवेगळे दोष पकडता येतात आणि पुरावा समोर लिहिलेला राहतो.

ही चाचणी तीन वेगांत घ्या, कारण आत दोन वेगळे रस्ते आहेत. गनोम शेल यादी दाखवण्याआधी मुद्दाम १५० मिलिसेकंद थांबतो. त्याआधी तुम्ही ऑल्ट सोडलंत तर यादी दिसतच नाही, थेट विंडो बदलते. टिचकी मारल्यावर यादी दिसली नाही हा दोष नाही, तसंच ठरवलेलं आहे. पहिली फेरी अशी टिचकीची. दुसरीत ऑल्ट सेकंदभर धरून यादी नीट दिसू द्या. तिसरी मधल्या वेगाची: यादी उमटते न उमटते तोच ऑल्ट सोडायचं. माझ्या अनुभवात गडबड सापडते ती बहुधा या तिसऱ्या फेरीत, दोन रस्ते जिथे एकमेकांना भेटतात तिथे.

मग सगळे प्रोसेसर गुंतवणारं एखादं काम मागे लावा, एखादा मोठा व्हिडिओ रूपांतराला टाका, आणि तिन्ही फेऱ्या पुन्हा करा. मशीन सस्पेंड करून उठवल्यावर आणखी एकदा. मोकळ्या मशीनवर निर्दोष वाटणारं स्विचिंग ओझ्याखाली कसं वागतं ते पाहिल्याशिवाय 'पास' लिहू नका.

पायरी ३: एकाच अ‍ॅपच्या विंडो

टर्मिनलच्या तीन विंडोंमध्ये फिरायला ऑल्ट आणि टॅबच्या वरची कळ. गनोममध्ये हा शॉर्टकट कळेच्या जागेवरून ठरतो, तिच्यावर छापलेल्या चिन्हावरून नाही. म्हणून कीबोर्डची मांडणी बदलून हीच चाचणी करा. देवनागरी इनस्क्रिप्ट चालू असताना तीच कळ दाबली तर टर्मिनल बदलायला हवं, मधेच अक्षर उमटता कामा नये. दुसऱ्या भाषेत टाइप करणाऱ्यांना रोज लागणारी गोष्ट, आणि ती तपासणारे फार थोडे.

दुसरा मार्ग असा: अ‍ॅप स्विचर उघडा, टर्मिनलच्या आयकॉनवर या आणि ऑल्ट न सोडता खालचा बाण दाबा. तिन्ही विंडोंची लघुचित्रं दिसायला हवीत. बाणांनी हवी ती निवडा, ऑल्ट सोडा, टाइप करा. लघुचित्रात दिसणारा मजकूर ताजा आहे का तेही पाहा. एका टर्मिनलमध्ये घड्याळ किंवा चालती आज्ञा ठेवलीत की चित्र शिळं असेल तर लगेच कळतं. शीर्षकात मराठी फाइलनाव असेल तर जोडाक्षरं आणि वेलांट्या वरून कापल्या जात नाहीत ना, तेही इथेच बघून घ्या.

अ‍ॅप स्विचर उघडा असताना क्यू दाबलं की निवडलेलं अ‍ॅप बंद होतं, आणि विंडो स्विचरमध्ये डब्ल्यू दाबलं की निवडलेली विंडो. न जतन केलेली फाइल एडिटरमध्ये ठेवून हे करा: जतन करायचं का असं विचारायला हवं, फाइल गुपचूप उडता कामा नये. आणि अ‍ॅप बंद झाल्यावर यादीतली उरलेली आयकॉन नीट सरकतात का, निवड भलतीकडे उडी मारत नाही ना, ते बघा.

इनपुटच्या भाषेशी आणखी एक सेटिंग जोडलेली आहे. कीबोर्डच्या पानावर प्रत्येक विंडोसाठी वेगळी भाषा ठेवण्याची सोय असते. ती चालू करा, एडिटरमध्ये मराठी आणि टर्मिनलमध्ये इंग्रजी ठेवा, आणि पायरी २ मधली टिचकी पुन्हा मारा, फक्त अंकांऐवजी अक्षरं टाइप करून. बदल झाल्यावरचं पहिलंच अक्षर योग्य भाषेत येतं का, एवढंच पाहायचं.

पायरी ४: वर्कस्पेस

'ऑल्ट-टॅबमध्ये माझी विंडो गायब होते' या तक्रारींपैकी बऱ्याच इथे विरघळतात. गनोममध्ये अ‍ॅप स्विचर मुळात सगळ्या वर्कस्पेसवरची (एकाच मशीनवरच्या वेगवेगळ्या आभासी पडद्यांवरची) अ‍ॅप दाखवतो, विंडो स्विचर मात्र चालू वर्कस्पेसपुरताच मर्यादित असतो. दोघांची सेटिंग स्वतंत्र आहे. गनोम ४१ पासून सेटिंग्जमध्ये 'मल्टिटास्किंग' नावाचं पान आलं, तिथे अ‍ॅप स्विचरची मर्यादा बदलता येते.

ब्राउझर दुसऱ्या वर्कस्पेसवर न्या आणि पहिल्यावर परत या. अ‍ॅप स्विचरमध्ये तो दिसायला हवा, आणि निवडल्यावर वर्कस्पेस सरकून ब्राउझर पुढे यायला हवा. सरकण्याचं अ‍ॅनिमेशन चालू असतानाच टाइप करायला सुरुवात करा. अक्षरं ब्राउझरच्या पत्त्याच्या चौकटीत जातात की मागे राहिलेल्या एडिटरमध्ये? मग सेटिंग उलटी करून पुन्हा बघा. एका टर्मिनलला 'सगळ्या वर्कस्पेसवर दाखवा' असं करून दोन्हीकडून तपासा.

एकाच अ‍ॅपच्या विंडो दोन वर्कस्पेसवर विभागल्या असतील तर गंमत वाढते. पहिल्यावर एडिटर 'एक', दुसऱ्यावर एडिटर 'दोन'. पहिल्यावर उभे असताना स्विचरमधून एडिटर निवडला तर कुठला पुढे येतो ते टिपून ठेवा.

पायरी ५: अवघड विंडो

मिनिमाइझ केलेली विंडो स्विचरमधून निवडली की पूर्ववत होऊन फोकससकट पुढे यायला हवी. एक्सएफसीईमध्ये मिनिमाइझ केलेल्या विंडो यादीत घ्यायच्या की नाहीत हे सेटिंगवर ठरतं, तेव्हा 'दिसत नाही' असं लिहिण्याआधी ती बघून घ्या. पूर्ण पडद्यावर व्हिडिओ चालू असताना यादी त्याच्यावर उमटते का तेही तपासा.

एडिटरमध्ये 'सेव्ह अ‍ॅज'चा संवाद उघडा ठेवून दुसरीकडे जा आणि परत या. गनोममध्ये असा जोडलेला संवाद यादीत वेगळा मोजला जात नाही, मूळ विंडोसोबतच येतो. परतल्यावर फोकस संवादातल्या नावाच्या चौकटीत हवा.

मॉनिटर दोन असतील तर गनोमची यादी मुख्य मॉनिटरवरच उमटते, तुमची विंडो कुठेही असो. चाचणी चालू असताना दुसऱ्या मॉनिटरची केबल काढा. त्यावरच्या विंडो स्विचरमधून अजून गाठता येतात ना?

पायरी ६: फोकस कोण हिसकावतं

टर्मिनलमध्ये आठ सेकंद थांबून कॅल्क्युलेटर उघडेल अशी आज्ञा द्या: स्लीप, अंक ८, अर्धविराम आणि पुढे कॅल्क्युलेटरच्या प्रोग्रामचं नाव. एंटर दाबून लगेच एडिटरवर जा आणि अखंड टाइप करत राहा. कॅल्क्युलेटर उघडताना तुमचं वाक्य अर्धवट तुटतं का, अंक तिकडे जातात का, ते पाहायचं. गनोम फोकस नाकारतो तेव्हा विंडो तयार असल्याची सूचना वर दाखवतो. ती आली आणि वाक्य अखंड राहिलं तर उत्तम. नेमक्या याच फटीतून पासवर्ड भलत्या ठिकाणी जातात, म्हणून मी ही चाचणी दहा वेळा तरी करतो.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. मेल किंवा चॅटमधल्या दुव्यावर तुम्ही स्वतः क्लिक केलंत, तर ब्राउझर पुढे यायलाच हवा. वेलँडमध्ये यासाठी एक अ‍ॅप दुसऱ्याला परवान्यासारखं टोकन देतं. ते नीट पोचलं नाही तर ब्राउझर मागेच राहतो आणि फक्त सूचना चमकते. अशा वेळी दोष डेस्कटॉपचाही असू शकतो आणि टोकन न देणाऱ्या अ‍ॅपचाही. दोन-तीन वेगळ्या अ‍ॅपमधून करून पाहिलं की बोट कुणाकडे दाखवायचं ते कळतं.

पायरी ७: अनोळखी आयकॉन

यादीत एखादं अ‍ॅप स्वतःच्या आयकॉनऐवजी सर्वसाधारण चिन्ह घेऊन आलं, किंवा एकाच अ‍ॅपच्या विंडो दोन वेगळ्या गटांत दिसल्या, तर ओळख पटवण्यात चूक आहे. एक्स११ मध्ये विंडोची ओळख तिच्या 'डब्ल्यूएम क्लास' या गुणधर्मावरून होते, वेलँडमध्ये 'अ‍ॅप आयडी'वरून, आणि ती त्या अ‍ॅपच्या डेस्कटॉप फाइलशी (अ‍ॅपचं नाव आणि आयकॉन सांगणाऱ्या फाइलशी) जुळवली जाते. जुळलं नाही की गट फुटतो.

गनोममध्ये ऑल्ट आणि एफ२ दाबून लहान अक्षरांत एल आणि जी टाइप करून एंटर दाबलं की 'लुकिंग ग्लास' हे गनोमचं आतलं तपासणीचं साधन उघडतं. त्याच्या विंडोंच्या टॅबमध्ये प्रत्येक विंडोचा क्लास आणि शेलने तिला कुठलं अ‍ॅप मानलं आहे ते दिसतं. एक्स११ आणि एक्सवेलँडच्या विंडोंसाठी एक्सप्रॉप ही आज्ञा देऊन विंडोवर क्लिक केलंत तरी क्लास कळतो. तो आणि डेस्कटॉप फाइलमधली 'स्टार्टअप डब्ल्यूएम क्लास' ही ओळ ताडून पाहा. बरेचदा तेवढी ओळ घालून किंवा सुधारून प्रश्न मिटतो, आणि मग तक्रार डेस्कटॉपकडे न जाता त्या अ‍ॅपकडे जायला हवी.

यंत्राकडून चाचणी

एक्स११ मध्ये एक्सडूटूल कळा पाठवतो आणि डब्ल्यूएमसीटीआरएल विंडोंची यादी देतो, त्यामुळे पायरी २ ची शंभर आवर्तनं सहज करता येतात. वेलँडमध्ये हे चालत नाही. तिथे वायडूटूल कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, पातळीवरून कळा पाठवतो, त्याला वाढीव परवानगी लागते. मोठे प्रकल्प ओपनक्यूए वापरतात. ओपनसुसेमधून आलेली ही प्रणाली फेडोराही वापरतं. ती व्हर्च्युअल मशीनचा पडदा पाहून निकाल देते. पण फक्त पडदा पाहिला तर चित्र बरोबर आणि फोकस चुकीचा ही जोडी सुटू शकते. म्हणून स्वयंचलित चाचणीतही प्रत्येक बदलानंतर एक अक्षर टाइप करून ते पडद्यावर शोधायला लावा.

स्क्रीन रीडर ऑर्का चालू करून एक फेरी मात्र हातानेच करा, मॉनिटर बंद ठेवून. निवड बदलेल तसं प्रत्येक अ‍ॅपचं नाव ऐकू यायला हवं. 'स्टिकी कीज' चालू करूनही एक फेरी घ्या. ऑल्ट धरून ठेवता येत नाही अशा माणसासाठी हीच ती सोय आहे.

नोंद कशी लिहायची

'ऑल्ट-टॅब कधीकधी चुकतं' अशा तक्रारीवर कुणालाही काही करता येत नाही. मी साधारण अशी लिहितो:

"नवं खातं, एक्स्टेंशन नाहीत, वेलँड, एक मॉनिटर. एडिटर आणि टर्मिनल एकेक विंडो. मागे व्हिडिओ रूपांतर चालू. मधल्या वेगाने ४० अंक. अपेक्षा: एडिटरमध्ये फक्त १, टर्मिनलमध्ये फक्त २. प्रत्यक्षात: टर्मिनलमध्ये ३ वेळा १ उमटला. पाच फेऱ्यांपैकी चारांत असं झालं. रूपांतर बंद केल्यावर पाचही फेऱ्या स्वच्छ. एक्स११ सेशनमध्ये दोष दिसला नाही."

सोबत आवृत्त्या आणि त्या वेळेचा सिस्टिम लॉग जोडा. गनोममध्ये यादी आणि तिचं दिसणं गनोम शेलच्या हाती असतं, तर विंडोंचं व्यवस्थापन आणि फोकस मटर या गनोमच्या विंडो मॅनेजरच्या. आयकॉन, क्रम, अडकलेली यादी यांची तक्रार शेलकडे करा. यादी बरोबर आणि अक्षर भलतीकडे, असं असेल तर मटरकडे. दुरुस्ती आल्याचं कळलं की तेच खातं, त्याच विंडो आणि तोच वेग घेऊन पाच फेऱ्या पुन्हा करा, आणि निकाल त्याच तक्रारीखाली लिहा.